विरळणी

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मुंबईत आरेतून जाणाऱ्या बसच्या खिडक्या लोक आपणहून बंद करतात. एरवी वाऱ्यासाठी भांडणारी माणसं तेवढे आठ-दहा दिवस हात काखेत घालून गप्प बसतात. तबेल्यांकडून शेणाचा ओलसर वास येतो. रस्त्यावर पांढरं काहीतरी तरंगत असतं, ते धुकं की शेकोट्यांचा धूर, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. याच दिवसांत आमच्या प्रयोगशाळेत रोपं उगवतात.

काल मी ट्रेवरची प्लास्टिकची झाकणं काढली. कोकोपीटवर, म्हणजे नारळाच्या भुशावर, हिरवे ठिपके होते. प्रत्येकाला दोन पानं, साबुदाण्याच्या दाण्याहूनही लहान. मी चिमटा हातात घेतला आणि तसाच धरून उभी राहिले. शेजारच्या टेबलावर निकिता होती. एमएस्सीपासून आम्ही दोघी बरोबर आहोत, आता पीएचडीलाही. ती म्हणाली, "काय गं, पूजा करतेस का त्यांची? मोज ना."

मोजायला लागले. पण तीन वर्षांपूर्वीचा तोच आठवडा मनात आला, आणि तो आला की माझी मोजणी चुकते.

हे मला नीट सांगता येईल की नाही, ठाऊक नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. आजोबा गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा बाबा दहावीत होते. ते शाळा सोडून आरेच्या रस्त्याकडेला असलेल्या एका नर्सरीत रोपांना पाणी घालायला लागले आणि तिथेच राहिले. माळी झाले. मरोळच्या आमच्या चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत संध्याकाळी बाबा शिरले की आधी ओल्या मातीचा वास शिरायचा. लहानपणी मला तो सगळ्या वडिलांचा वास वाटायचा. पुढे कॉलेजच्या अर्जावर 'वडिलांचा व्यवसाय' असा रकाना आला की मी 'खासगी नोकरी' लिहायला लागले. खोटं नव्हतं ते.

मी ज्या जनुकावर काम करते त्याचं नाव सांगून कुणाला काही कळणार नाही. तीन इंग्रजी अक्षरं आणि एक आकडा. वनस्पतींच्या जनुकांची नावं बहुतेकदा उलट्या बाजूने पडतात. जनुक बिघडल्यावर रोप कसं दिसतं, खुजं, वाकडं, पिवळं, त्यावरून नाव ठेवतात. म्हणजे ते नीट काम करत होतं तोवर त्याच्याकडे कुणाचं लक्षच गेलेलं नसतं.

आमचं जनुक पेशीच्या आतल्या वाहतुकीचं आहे. पेशी केवढी, तर डोळ्यांनी दिसत नाही एवढी. तिच्या आतही माल एका जागी तयार होतो आणि दुसऱ्या जागी लागतो. तो इवल्या पिशव्यांत भरून निघतो. पिशवी ठरलेल्या जागी पोचली की तिथल्या पडद्याला चिकटते, उघडते, माल उतरतो. आमच्या जनुकापासून जे प्रथिन बनतं ते या चिकटण्याच्या वेळी लागतं. जनुक बिघडलेल्या रोपात पिशव्या बनतात, भरतात, निघतातसुद्धा. फक्त उतरत नाहीत. रंग देऊन मायक्रोस्कोपखाली पाहिलं तर मुळाच्या पेशींत त्यांचे ढीग साचलेले दिसतात. बाहेर पेशीची भिंत मालासाठी उपाशी, आणि आत ढीग. असं रोप खुजं राहतं, फुलावर येण्याआधीच मरतं.

हे मी एकदा बाबांना समजावलं होतं. त्या जानेवारीत संक्रांतीच्या आधी, ते जेवत असताना. ते मालवणीत विचारायचे, मी मुंबईच्या मराठीत उत्तर द्यायचे, आमच्यात असंच चालायचं.

"पिशये भरतत, मगे उतरणत कित्याक नाय?"

मी म्हटलं, "बाबा, गावाहून आत्या बसने पार्सल पाठवते ना, तसं. कुळथाचं पीठ, आमसुलं खोक्यात भरून बसमध्ये टाकते. पहाटे हायवेला तुम्ही जाऊन उतरवून घेता. तुम्ही गेलाच नाहीत तर?"

"बोरिवलीक जाता ता खोका. एकदा गेला होता." भाताचा घास त्यांच्या हातातच राहिला. "म्हणजे माल आसा, गाडी आसा. उतरून घेणारो माणूस नाय."

"हां. ते जनुक म्हणजे तो माणूस."

"गरीब बिचारो," आई म्हणाली. "त्याच्यावर एवढं शिक्षण?"

बाबा हसले. मीही हसले. असं हसत जेवलेलं ते आमचं शेवटचं जेवण नसेल कदाचित, पण मला तेच आठवतं.

त्याच आठवड्यात कॉलेजच्या इमारतीतलं विजेचं काम निघालं. शुक्रवार ते सोमवार वीज बंद. रोपं थंड खोलीत वाढायची, ती खोली बंद पडणार. मोहरीच्या कुळातलं हे बोटभर तण मुंबईच्या बंद खोलीत उन्हं वर आली की मान टाकतं. आमचे मार्गदर्शक सर हैराण झाले होते. माझ्या एमएस्सीच्या प्रबंधाची सगळी रोपं त्या एका ट्रेमध्ये होती, दहा दिवसांची, एकशे साठ.

मी म्हणाले, "सर, माझे वडील नर्सरीत आहेत. आरेत. तिथे जाळीखाली गारवा असतो."

सरांनी वर पाहिलं. "नर्सरी त्यांची आहे?"

"नाही. ते माळी आहेत."

हे मी कॉलेजात पहिल्यांदा बोलले होते. निकितासुद्धा माझ्याकडे बघायला लागली. मला छातीत हलकं वाटलं. एवढं सोपं होतं तर इतकी वर्षं का नाही बोलले, असं वाटलं.

बाबांनी तो ट्रे दोन्ही हातांनी घेतला, जसं कुणाचं तान्हं मूल घ्यावं. मी सूचना दिल्या. पाणी वरून घालायचं नाही, खालच्या थाळीत घालायचं. ऊन लागू द्यायचं नाही. औषध फवारायचं नाही. ते प्रत्येक वाक्याला "होय गो बाय" म्हणत होते. मग मी वाकोल्याला मावशीकडे गेले, कारण लॅपटॉप तिच्या घरी होता, आणि चार दिवस पहिलं प्रकरण टाइप करत बसले.

एक गोष्ट मी सांगितली नव्हती. सांगायची असते हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. या रोपांचं बियाणं असं असतं की चारांतलं एक रोप बिघडलेलं निघतं आणि तीन धडधाकट. आम्हाला त्यातलं ते एकच हवं असतं.

मंगळवारी सकाळी नर्सरीत गेले. जाळीखाली हिरवा उजेड होता, सदाफुलीच्या वाफ्यांवर पाणी मारल्याचा वास. बाबा उठून हात पुसत आले. इतके खूश मी त्यांना क्वचित पाहिलं होतं.

"बघ. एकसुद्धा मरूक नाय. आणि पातळ केलंय मी. बारकी बारकी सगळी काढून टाकलंय. आता बघ कशी वाढतत."

ट्रेकडे पाहिलं. मधे मधे जागा झाली होती, नीटनेटकी. जिथून रोप काढलं होतं तिथली माती अंगठ्याने हलकेच दाबून बसवली होती. प्रत्येक ठिकाणी. रोपं दाट उगवली की माळी पहिलं काम तेच करतो, विरळणी. कमजोर असेल ते उपटायचं, म्हणजे बाकीच्यांना हवा, पाणी, जागा मिळते. इतक्या वर्षांत बाबांनी किती रोपं अशी काढली असतील, त्याला गणती नाही. मुलीची रोपं आहेत म्हणून त्यांनी ते जास्तच जीव लावून केलं होतं.

"कुठे टाकलीत?"

त्यांनी पालापाचोळ्याच्या ढिगाकडे बोट दाखवलं. मी तिथे गुडघ्यांवर बसून हाताने उकरायला लागले. दोन दिवसांपूर्वी उपटलेलं साबुदाण्याएवढं रोप सापडणार ते काय. केसासारखे काळे धागे मिळाले तीन-चार.

मग मी उठले आणि बोलले. आवाज चढवून नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, रागात बोलली असं म्हणून ते सोडून देता आलं असतं.

"बाबा, तुम्ही माझं वर्ष उपटून टाकलंत. ज्यांना तुम्ही कमजोर म्हणून फेकता ना, तीच कामाची असतात. शिकायचं असतं ते त्यांच्याकडूनच. इतकी वर्षं काम करून तुम्हाला एवढंसुद्धा कळलं नाही?"

ते हाताला लागलेली माती चोळत राहिले. मग म्हणाले, "माका वाटलां, तुजा बरां होयत."

मी ट्रे उचलून निघाले.

प्रयोगशाळेच्या जिन्यात निकिता भेटली. सगळं ऐकून ती म्हणाली, "वाट लागली गं. सरांना सांग, उंदरांनी खाल्ली. आरेत काय, उंदीर असणारच यार."

मी सरांना तेच सांगितलं. आदल्या आठवड्यात ज्या तोंडाने 'माझे वडील माळी आहेत' म्हटलं होतं, त्याच तोंडाने. सरांनी ट्रे खिडकीपाशी नेला, चष्मा कपाळावर सरकवून खूप वेळ पाहिला.

"उंदीर खाऊन झाल्यावर खड्डा बुजवतात का?"

मी खाली पाहिलं.

"वडिलांनी?"

"हो सर. चुकून. त्यांना माहीत नव्हतं."

सरांनी राहिलेली रोपं मोजायला लावली. एकशे एकोणीस. म्हणजे एक्केचाळीस गेली. सर हसले, का ते मला आधी कळलंच नाही. "चारांत एक. अगदी चारांत एक. आपण चौदाव्या दिवशी भिंगाखाली धरतो तेव्हा कुठे ओळखता येतात, तेही दोन-चार निसटतात. या माणसाने दहा-बारा दिवसांची असताना ओळखली? नुसत्या डोळ्यांनी?" मग म्हणाले, "पुढच्या पेरणीला त्यांना एकदा घेऊन ये. कशावरून ओळखलं, मला शिकायचंय."

आठवडाभर आम्ही त्या एकशे एकोणीस रोपांवर लक्ष ठेवलं. त्यांत एकही बिघडलेलं निघालं नाही. बाबांच्या हातून एकसुद्धा सुटलं नव्हतं.

हे मी बाबांना सांगितलं नाही.

का, याचा विचार मी पुष्कळदा केला आहे. त्या संध्याकाळी घरी गेले तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. म्हटलं, उद्या. उद्या माझा राग अजून शिल्लक होता. राग गेला तेव्हा लाज आली. सरांचं बोलणं सांगायचं तर स्वतःचं बोलणं मागे घ्यावं लागलं असतं. आणि खरं लिहायचं तर आणखी एक होतं. बाबा कॉलेजात आले असते तर त्यांच्या रबरी चपला, नखांतली माती, त्यांची मालवणी, हे सगळं माझ्या टेबलाशेजारी उभं राहिलं असतं. हे माझ्या मनात आलंच नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल.

माझं वर्ष गेलं नाही. पुन्हा पेरलं, पुन्हा उगवलं, अडीच महिन्यांच्या उशिराने प्रबंध दिला. मार्कही बरे मिळाले. सरांनी पुन्हा विचारलं, "वडील आले नाहीत?" मी म्हटलं, "त्यांना सुट्टी नसते सर."

घरात मात्र त्या फेब्रुवारीपासून काहीतरी होत होतं, आणि ते माझ्या उशिरा लक्षात आलं. बाबा संध्याकाळी येताना कापलेल्या दुधाच्या पिशव्यांतून रोपं आणायला लागले. झेंडूची, वांग्याची, कसलीही. सगळी बारकी, फिक्कट. चाळीच्या गॅलरीत कठड्याला ओळीने लावून ठेवायची. आई चिडायची. "ही मेलेली झाडं कशाला आणता हो? कपडे वाळत घालायला जागा नाही."

"ऱ्हवांदे," बाबा म्हणायचे. "तीच कामाची असतत."

माझ्याकडे न बघता म्हणायचे. टोमणा नव्हता तो. माझी आई तिसरी शिकलेली, बाबांची शाळा दहावीत सुटलेली. मुलगी कॉलेजात शिकून काही सांगते आहे म्हणजे ते खरंच असणार, असं त्यांनी धरलं होतं. मी प्रयोगशाळेतलं वाक्य नर्सरीत जाऊन बोलले होते. तिथे ते खोटं होतं, हे माझ्या आधी त्यांना कळायला हवं होतं, इतकी वर्षं त्यांचे हात तेच करत आले होते. पण त्यांनी हातांपेक्षा माझ्यावर विश्वास ठेवला.

नर्सरीत त्यांनी विरळणी सोडून दिली होती. सोसायट्यांच्या बागांसाठी लावलेले ट्रे दाट वाढले, रोपं उंच, बारीक, एकमेकांवर रेलणारी झाली. नर्सरीचा शेठ आधी चेष्टा करायचा, "काय काका, अनाथाश्रम काढलात की काय?" पावसाळ्यात त्या दाटीत मर लागली. मुळाशी बुरशी येऊन ट्रेच्या ट्रे दोन दिवसांत झोपले, धडधाकट होती तीसुद्धा. गणपतीला बाबा गावी निघाले तेव्हा शेठ म्हणाला, "निवांत या काका. आल्यावर बघू." आल्यावर त्याने फोन उचलला नाही.

आईने मला विचारलं, "असं कसं झालं गं? ह्यांचा हात तर सगळ्यांत चांगला होता ना तिथे?"

मला कारण माहीत होतं. मी म्हटलं, "माहीत नाही."

बाबा आता मुलुंडला एका टॉवरच्या गेटवर असतात. निळा शर्ट, छातीवर कंपनीचं नाव, सकाळी आठ ते रात्री आठ. गेटजवळ फायबरच्या खुर्चीत बसतात. नखं स्वच्छ असतात. रात्री घरात शिरतात तेव्हा त्यांना कसलाच वास येत नाही.

काल ट्रे मोजून झाल्यावर मी आधीच्या तुकडीवर माझं नेहमीचं काम केलं. रोपं चौदा दिवसांची झाली की बिघडलेली बाजूला घ्यायची आणि धडधाकट काढून टाकायची. त्यांतली थोडी बियाण्यासाठी ठेवतो, कारण बिघडलेल्याला बी धरतच नाही. वरून चांगलं दिसणारंच रोप आत ती खोट घेऊन पुढे जातं; कुठलं, ते बघून ओळखता येत नाही. बाकीची शंभरएक हिरवीगार रोपं मी चिमट्याने उपटून पिशवीत टाकली. आजवर हे करताना मला कधी काही वाटलं नव्हतं. काल हात थांबला. निकिता म्हणाली, "आज तुला झालंय काय नक्की?"

आज रविवार. बाबांचा डबा घेऊन मी मुलुंडला गेले. दुपारचं ऊनही अंगाला बरं वाटत होतं. ते खुर्चीतून उठायला लागले, मी बसा म्हटलं आणि शेजारच्या कठड्यावर टेकले. कठड्याला लागून मोठी कुंडी होती. त्यात कुणीतरी देवाच्या हाराचा झेंडू कुस्करून टाकला असावा, कारण बोटभर जागेत वीस-पंचवीस रोपं उगवली होती, लांबट, फिकी, एकमेकांच्या अंगावर पडलेली.

त्यांनी डबा उघडला. मी सांगायला सुरुवात केली. सगळं सांगितलं. एकशे साठ, एकशे एकोणीस, चारांत एक. सर काय म्हणाले ते शब्दन् शब्द. त्यांना शिकायचं होतं, तुम्हाला बोलावलं होतं, दोनदा. एकसुद्धा सुटलं नव्हतं तुमच्या हातून. आणि मी त्या दिवशी बोलले ते फक्त आमच्या त्या ट्रेपुरतं खरं होतं बाबा, बाकी कुठेच नाही.

ते जेवायचे थांबले होते. बाहेर रस्त्यावर रिक्षावाले भांडत होते.

"सर असां म्हणाले?"

"हो."

"कधी?"

"त्याच दिवशी."

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. त्याची कडी जरा घट्ट आहे, दोनदा दाबावी लागते.

"तेव्हा सांगूचा होतां गो बाय," ते म्हणाले.

गाडीचा हॉर्न वाजला. ते उठले, गेट उघडलं, गाडी आत जाईपर्यंत हात कपाळाशी नेऊन उभे राहिले, गेट लावलं आणि परत येऊन खुर्चीत बसले. ते कुंडीकडे बघत होते. थोड्या वेळाने वाकले. अंगठा आणि पहिलं बोट त्या दाटीत गेलं, एका बारक्या रोपाच्या बुंध्याशी थांबलं. तिथेच राहिलं. मग त्यांनी ते रोप तसंच सोडलं, आणि त्याच्या शेजारची माती अंगठ्याने दाबून बसवली.